खटला कुणावर आणि का? अमेरिकेतील संघीय तपास यंत्रणा आणि राजकीय पक्षपाताचा प्रश्न

८ ऑगस्ट २०२२ रोजी एफबीआयच्या पथकाने न्यायालयाच्या वॉरंटनुसार गोपनीय सरकारी कागदपत्रांसाठी डोनाल्ड ट्रम्प यांच्या फ्लोरिडातील मार-अ-लागो या निवासस्थानाची झडती घेतली, तेव्हा सत्तेवर असलेला पक्ष तपास यंत्रणा विरोधकांवर सोडत आहे, असा आरोप रिपब्लिकन समर्थकांनी केला. २५ सप्टेंबर २०२५ रोजी एफबीआयचे माजी संचालक जेम्स कोमी यांच्यावर संघीय न्यायालयात आरोप ठेवण्यात आले, तेव्हा डेमोक्रॅटिक समर्थकांनी जवळजवळ हेच शब्द वापरले. आरोप करणारे बदलले, आरोप मात्र तोच राहिला. अशा वेळी दुरून पाहणाऱ्याला ‘दोन्ही बाजू सारख्याच’ असे म्हणून विषय मिटवावासा वाटतो. तसे करणे चुकीचे ठरेल, असे माझे ठाम मत आहे. एकाच शब्दांत केलेले दोन आरोप सारखेच खरे किंवा सारखेच खोटे असतात असे नाही, आणि त्यांतला फरक शोधण्यासाठी लागणारी माहिती बऱ्याच अंशी न्यायालयाच्या निकालांत, चौकशी अहवालांत आणि राजीनाम्याच्या पत्रांत उघड नोंदलेली आहे. ती वाचण्याआधी ही यंत्रणा कशी बांधलेली आहे, हे पाहावे लागते.

अमेरिकेत फौजदारी न्यायाच्या दोन व्यवस्था शेजारी शेजारी चालतात. पन्नास राज्यांचे स्वतःचे फौजदारी कायदे, स्वतःची न्यायालये आणि स्वतःचे सरकारी वकील आहेत, आणि हे वकील बहुतेक ठिकाणी मतदारांकडून निवडून येतात. दुसरी व्यवस्था वॉशिंग्टनच्या संघीय सरकारची. मे २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने ट्रम्प यांना ३४ आरोपांवर दोषी ठरवले, तो खटला पहिल्या व्यवस्थेतला होता. तो मॅनहॅटनच्या निवडून आलेल्या जिल्हा सरकारी वकिलाने चालवला होता. संघीय न्याय खात्याने नव्हे. राज्याच्या खटल्यातील शिक्षा माफ करण्याचा अधिकारही राष्ट्राध्यक्षांना नसतो. चर्चेत या दोन व्यवस्थांची सतत सरमिसळ होते, आणि मग एका कार्यालयाने घेतलेल्या निर्णयाचा जाब दुसऱ्याच कार्यालयाला विचारला जातो.

संघीय न्याय खाते १८७० मध्ये स्थापन झाले. त्याचे प्रमुख म्हणजे ॲटर्नी जनरल. भारताचे महान्यायवादी सरकारची बाजू न्यायालयात मांडतात, पण अमेरिकेचे ॲटर्नी जनरल थेट मंत्रिमंडळाचे सदस्य असतात आणि राष्ट्राध्यक्ष त्यांना केव्हाही पदावरून दूर करू शकतात. देश ९४ न्यायिक जिल्ह्यांत विभागलेला आहे आणि त्यांसाठी ९३ यूएस ॲटर्नी, म्हणजे संघीय सरकारचे मुख्य वकील, नेमले जातात. ग्वाम आणि उत्तर मारियाना बेटे यांच्यासाठी एकच असतो. यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात आणि सिनेट तिला संमती देते. त्यांच्या हाताखाली काम करणारे हजारो वकील मात्र कायमस्वरूपी सेवेत असतात आणि सरकारे बदलली तरी सहसा तेच राहतात. एफबीआय ही याच खात्याखालील तपास संस्था आहे. ती पुरावे गोळा करते, पण आरोप ठेवायचे की नाहीत हे ठरवत नाही. तो निर्णय वकिलांचा असतो. तपास आणि अभियोग यांमधली ही सीमा लक्षात ठेवली, तर पुढच्या अनेक घटनांचा उलगडा सोपा होतो.

मराठी वाचकाला येथे सीबीआयची आठवण होणे स्वाभाविक आहे. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्ये सीबीआयला दिलेली सर्वसाधारण संमती काढून घेतली होती आणि सरकार बदलल्यावर ऑक्टोबर २०२२ मध्ये ती पुन्हा दिली. एफबीआयच्या बाबतीत असा प्रश्नच उद्भवत नाही. संघीय गुन्ह्याचा तपास करण्यासाठी तिला कोणत्याही राज्याची परवानगी लागत नाही. त्यामुळे तिच्यावरचा अंकुश राज्यांच्या हाती नाही. तो न्याय खात्याच्या आत, न्यायालयांत आणि काँग्रेसमध्येच, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतच, शोधावा लागतो.

आता मूळ अडचणीकडे वळू. कार्यकारी सत्ता राष्ट्राध्यक्षांच्या हाती आहे आणि कायद्यांची निष्ठेने अंमलबजावणी होईल हे त्यांनी पाहावे, असे अमेरिकेचे संविधान सांगते. न्याय खाते राष्ट्राध्यक्षांपासून स्वतंत्र राहील, असे संविधानात कुठेही लिहिलेले नाही. म्हणजे लोकांनी निवडलेल्या राष्ट्राध्यक्षांना गुन्हेगारीविषयीचे धोरण ठरवण्याचा पूर्ण अधिकार आहे. अमली पदार्थांच्या खटल्यांना अग्रक्रम द्यायचा, की आर्थिक फसवणुकीच्या, की स्थलांतराच्या, हा राजकीय निर्णय आहे आणि तो राजकीयच असायला हवा. पण अमुक व्यक्तीवर खटला भरा किंवा तमुक व्यक्तीवरचा मागे घ्या, हा निर्णय राजकीय असू नये, अशी अपेक्षा आहे. धोरण आणि व्यक्ती यांमधली ही रेषा संविधानाने आखलेली नाही. ती संकेतांनी आखलेली आहे.

ही रेषा इतकी महत्त्वाची का, हे १ एप्रिल १९४० रोजी तत्कालीन ॲटर्नी जनरल रॉबर्ट जॅक्सन यांनी देशभरातून जमलेल्या संघीय वकिलांपुढे केलेल्या भाषणात सांगितले. हेच जॅक्सन पुढे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि न्यूरेंबर्ग खटल्यात अमेरिकेचे मुख्य अभियोक्ता होते. सरकारी वकिलाच्या हाती लोकांचे आयुष्य, स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा यांवर देशातील इतर कोणाहीपेक्षा अधिक सत्ता असते, असे ते म्हणाले. कायद्याची पुस्तके गुन्ह्यांनी इतकी भरलेली आहेत की जवळजवळ कोणाच्याही हातून कोणत्या ना कोणत्या कलमाचा तांत्रिक भंग झालेला सापडू शकतो. म्हणून खरा धोका असा की गुन्हा घडला आणि तो कोणी केला हे शोधले, असा सरळ क्रम न राहता आधी माणूस निवडला जाईल आणि मग त्याला लागू पडणारे कलम शोधले जाईल. पंच्याऐंशी वर्षांनंतरही या धोक्याचे इतके नेमके वर्णन माझ्या वाचनात दुसरे नाही.

जॅक्सन यांच्या काळानंतर संघीय कायदे वाढले, आणि वकिलाची निवडीची मुभाही त्याबरोबर वाढली. संघीय न्यायालयात आरोप झालेल्या दर दहा जणांपैकी सुमारे नऊ जण गुन्हा कबूल करतात. प्रत्यक्ष ज्युरीपुढे सुनावणी फारच थोड्यांची होते. ग्रँड ज्युरी हा पहिला अडथळा असतो. सोळा ते तेवीस नागरिकांच्या या मंडळापैकी बारा जणांची संमती मिळाली की आरोपपत्र दाखल होते. तिथे आरोपीचा वकील नसतो, फक्त सरकारी वकील असतो, आणि पुराव्याची कसोटीही ‘गुन्हा घडला असे मानण्यास वाजवी कारण आहे’ एवढीच असते. पुढे सुटका झाली तरी मधल्या काळात वकिलांचा खर्च, गेलेली नोकरी आणि डागाळलेले नाव हे सर्व आरोपीच्याच वाट्याला येते. राजकीय हेतूने खटला भरणाऱ्याला तो जिंकावाच लागतो असे नाही.

न्यायालये हे का थांबवत नाहीत? निवडक खटला, म्हणजे इतरांना सोडून केवळ अयोग्य कारणासाठी एकाच व्यक्तीला किंवा गटाला लक्ष्य करणारा खटला, हा संविधानाचा भंग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला मान्य आहे. पण १९९६ च्या आर्मस्ट्राँग खटल्यात न्यायालयाने त्यासाठी लागणारा पुरावा अतिशय कठीण करून ठेवला. तो खटला लॉस एंजेलिसमधील कोकेनच्या प्रकरणातील कृष्णवर्णीय आरोपींचा होता. सरकारकडून कागदपत्रे मागण्यापूर्वीच आरोपीने आपल्यासारखे वागणारे, पण खटला न भरलेले इतर लोक दाखवून द्यावे, अशी अट न्यायालयाने घातली. ज्यांच्यावर खटले भरले गेले नाहीत त्यांची यादी फक्त सरकारकडे असते, आणि ती मिळवण्यासाठी आधी तीच यादी हाती असावी लागते. या अटीमुळे निवडक खटल्याची तक्रार क्वचितच टिकते. न्यायाधीशांनी सरकारी वकिलांच्या निर्णयात ढवळाढवळ करू नये, हे त्यामागचे तत्त्व समजण्यासारखे आहे. पण त्याचा परिणाम असा झाला आहे की पक्षपाताविरुद्धचे मुख्य संरक्षण न्यायालयात नसून न्याय खात्याच्या स्वतःच्या शिस्तीत आहे.

ही शिस्त आपोआप आली नाही. जे. एडगर हूवर १९२४ ते १९७२ या काळात, म्हणजे मरेपर्यंत, एफबीआयच्या संस्थेचे प्रमुख होते. आठ राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दींत ते पदावर राहिले. १९५६ मध्ये त्यांनी कोइंटेलप्रो हा गुप्त कार्यक्रम सुरू केला. आधी कम्युनिस्ट पक्ष, मग नागरी हक्कांची चळवळ, युद्धविरोधी गट, आणि काही काळ कू क्लक्स क्लॅन ही वर्णद्वेषी संघटनासुद्धा त्याचे लक्ष्य होते. गुन्ह्याचा तपास हा त्याचा उद्देश नव्हता. संघटना फोडणे आणि नेत्यांची बदनामी करणे हा होता. १९६४ मध्ये मार्टिन लूथर किंग यांना एफबीआयने निनावी पत्र आणि चोरून केलेले ध्वनिमुद्रण पाठवले, आणि त्या पत्राचा सूर त्यांनी आत्महत्या करावी असे सुचवणारा होता. हे सारे उघड झाले ते कोणत्याही सरकारी देखरेखीमुळे नव्हे. मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मीडिया या गावच्या एफबीआय कार्यालयात काही कार्यकर्त्यांनी घरफोडी करून कागद पळवले आणि वर्तमानपत्रांना पाठवले, म्हणून ते जगासमोर आले. हूवर यांची उदाहरणे देताना बऱ्याचदा एक गोष्ट निसटते: त्यांच्यावर एखाद्या पक्षाचे नियंत्रण होते हा त्यांच्या काळातला दोष नव्हता, त्यांच्यावर कोणाचेच नियंत्रण नव्हते हा होता. म्हणून ‘तपास यंत्रणा पूर्ण स्वायत्त करा’ हे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

वॉटरगेटने, म्हणजे १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात झालेली घरफोडी दडपण्याच्या प्रकरणाने, दुसऱ्या टोकाचा धोका दाखवला. २३ जून १९७२ रोजीच्या ध्वनिफितीत राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन एफबीआयचा तपास सीआयएमार्फत थांबवण्याच्या योजनेला मान्यता देताना ऐकू येतात. २० ऑक्टोबर १९७३ च्या रात्री त्यांनी विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढण्याचा आदेश दिला. ॲटर्नी जनरल इलियट रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला, त्यांचे उपप्रमुख विल्यम रकलशॉस हेही नकार देऊन बाहेर पडले, आणि शेवटी तिसऱ्या क्रमांकाच्या रॉबर्ट बोर्क यांनी आदेश बजावला. निक्सन यांचे पहिले ॲटर्नी जनरल जॉन मिचेल पुढे स्वतः दोषी ठरून तुरुंगात गेले.

या दोन अनुभवांतून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आजची चौकट उभी राहिली. सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने एफबीआयचे गैरप्रकार नोंदवले, ॲटर्नी जनरल एडवर्ड लेव्ही यांनी १९७६ मध्ये देशांतर्गत तपासासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि एफबीआय संचालकाची मुदत कायद्याने जास्तीत जास्त दहा वर्षे झाली, जेणेकरून दुसरा हूवर होणार नाही आणि संचालक कोणा एका राष्ट्राध्यक्षाचा माणूसही ठरणार नाही. व्हाइट हाऊस आणि न्याय खाते यांनी चालू प्रकरणांबद्दल परस्परांशी कसे बोलावे, यावर लेखी बंधने आली: एखाद्या विशिष्ट खटल्याबाबत बोलायचे असेल तर ते मोजक्या वरिष्ठ अधिकाऱ्यांमार्फतच व्हावे, खालच्या वकिलाला थेट फोन जाऊ नये. आरोप ठेवताना व्यक्तीचे राजकीय संबंध किंवा मते विचारात घेऊ नयेत, हे खात्याच्या नियमपुस्तिकेत आले. निवडणुकीच्या तोंडावर मतदानावर परिणाम होईल असे पाऊल उघडपणे उचलू नये, हा संकेत तर कुठे पूर्णपणे लिहिलेलाही नाही. यांतील बहुतेक गोष्टी पुढच्या ॲटर्नी जनरलला एका परिपत्रकाने बदलता येतात. शिस्त मोडण्यासाठी कायदा मोडावा लागत नाही, हे या चौकटीचे सर्वांत मोठे दुबळेपण आहे.

तरीही ती बराच काळ टिकली, आणि जेव्हा तडा गेला तेव्हा त्याची किंमतही मोजावी लागली. डिसेंबर २००६ मध्ये जॉर्ज बुश यांच्या प्रशासनाने एकाच दिवशी सात यूएस ॲटर्नींना राजीनामा देण्यास सांगितले. ते सर्व बुश यांनीच नेमलेले होते आणि त्यांना काढणे कायदेशीर होते. पण न्यू मेक्सिकोच्या वकिलांना निवडणुकीपूर्वी एका भ्रष्टाचार प्रकरणाबद्दल स्वतःच्याच पक्षाच्या लोकप्रतिनिधींचे फोन आले होते, हे उघड झाले आणि २००७ मध्ये ॲटर्नी जनरल अल्बर्टो गोन्झालेस यांना पायउतार व्हावे लागले. अधिकार कायदेशीर असणे आणि तो वापरण्यामागचे कारण योग्य असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रकरणाने ठळकपणे दाखवले.

प्रत्येक अन्यायाच्या मुळाशी पक्षपातच असतो असेही नाही. अलास्काचे रिपब्लिकन सिनेटर टेड स्टीव्हन्स ऑक्टोबर २००८ मध्ये दोषी ठरले आणि काही दिवसांतच सुमारे चार हजार मतांनी निवडणूक हरले. खटला रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांच्या काळात भरला गेला होता. एप्रिल २००९ मध्ये, सरकारी वकिलांनी आरोपीला उपयोगी पडणारा पुरावा दडवला होता हे पुढे आल्यावर, डेमोक्रॅटिक ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांनीच न्यायालयाला विनंती करून ती दोषसिद्धी रद्द करवली. एका सिनेटरचे पद गेले, सिनेटमधले संख्याबळ बदलले, आणि कारण होते खटला जिंकण्याची घाई.

हे लक्षात ठेवूनच २०१६ च्या प्रकरणांकडे पाहावे लागते, कारण आजचा अविश्वास मुख्यतः तिथून वाढला. त्या वर्षी एफबीआय एकाच वेळी दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांशी संबंधित तपास करत होती. हिलरी क्लिंटन यांच्या खासगी ईमेल व्यवस्थेचा तपास उघड होता. ट्रम्प यांच्या प्रचार यंत्रणेचे रशियाशी संबंध आहेत का, याचा ३१ जुलै २०१६ ला सुरू झालेला तपास गुप्त होता. ५ जुलैला संचालक कोमी यांनी पत्रकार परिषद घेऊन, क्लिंटन यांच्यावर खटला भरण्याची शिफारस करणार नाही, पण त्यांचे वर्तन अत्यंत निष्काळजीपणाचे होते, असे सांगितले. खटला भरायचा नसेल तर त्या व्यक्तीबद्दल जाहीर टीका करायची नाही, हा संकेत त्यांनी मोडला आणि आरोप ठेवण्याचा वकिलांचा निर्णयही स्वतःच जाहीर करून टाकला. २८ ऑक्टोबरला, मतदानाला अकरा दिवस उरले असताना, तपास पुन्हा सुरू होत असल्याचे पत्र त्यांनी काँग्रेसला पाठवले. पहिल्या घटनेने रिपब्लिकन चिडले, दुसरीने डेमोक्रॅट.

न्याय खात्याचे महानिरीक्षक, म्हणजे खात्यातील गैरप्रकारांची चौकशी करणारे अधिकारी, मायकेल होरोविट्झ यांनी जून २०१८ मध्ये दिलेला अहवाल या वादातला सर्वांत वाचनीय दस्तऐवज आहे. क्लिंटन तपासातील ज्या ठरावीक निर्णयांची त्यांनी छाननी केली, त्यांवर राजकीय पक्षपाताचा थेट परिणाम झाल्याचा कागदोपत्री किंवा साक्षींतून पुरावा मिळाला नाही, असे त्यांनी लिहिले. कोमी यांनी वरिष्ठांना डावलून शिस्तभंग केला, असेही लिहिले. तपासातील वरिष्ठ अधिकारी पीटर स्ट्रॉक यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये एका सहकारी वकील महिलेला ट्रम्प निवडून येणार नाहीत, ‘आपण ते थांबवू’, अशा अर्थाचा संदेश पाठवला होता. तो या अहवालामुळे सर्वांसमोर आला. ऑक्टोबरच्या सुमारास क्लिंटन प्रकरणातील नव्या ईमेलपेक्षा रशिया तपासाला प्राधान्य देण्याचा स्ट्रॉक यांचा निर्णय पक्षपातापासून मुक्त होता, असा विश्वास आपल्याला वाटत नाही, असेही होरोविट्झ यांनी नोंदवले. एफबीआयच्या समर्थकांनी पहिले वाक्य उचलले, विरोधकांनी शेवटचे. दोन्ही वाक्ये त्याच अहवालात आहेत आणि दोन्ही एकत्र वाचायची आहेत.

डिसेंबर २०१९ च्या दुसऱ्या अहवालात त्यांनी रशिया तपास सुरू करण्यास पुरेसा आधार होता असे म्हटले, कारण त्यासाठीची कसोटीच मुळात खालची आहे. पण ट्रम्प यांचे माजी सल्लागार कार्टर पेज यांच्यावर पाळत ठेवण्यासाठी गुप्त न्यायालयाकडे केलेल्या अर्जांत १७ गंभीर चुका आणि वगळलेल्या बाबी त्यांनी दाखवल्या. एफबीआयचे वकील केव्हिन क्लाइनस्मिथ यांनी एका ईमेलमधला मजकूर बदलला होता. त्यांनी २०२० मध्ये गुन्हा कबूल केला. हा खरा, गंभीर दोष होता आणि ट्रम्प समर्थकांची तक्रार या मुद्द्यावर पूर्णपणे रास्त होती. पण मार्च २०२० मध्ये महानिरीक्षकांनी अशाच आणखी २९ अर्जांची पाहणी केली, तेव्हा चार प्रकरणांची आधारभूत कागदपत्रे सापडलीच नाहीत आणि उरलेल्या २५ पैकी प्रत्येकात त्रुटी निघाल्या. म्हणजे निष्काळजीपणा एका उमेदवारापुरता नव्हता. तो सर्वांसाठीच होता आणि एका प्रसिद्ध प्रकरणामुळे तो दिसला. नंतर विशेष वकील जॉन डरहॅम यांनी मे २०२३ च्या अहवालात तो तपास पूर्ण स्वरूपात सुरूच करायला नको होता, असा निष्कर्ष काढला; त्यांनी ज्यूरीपुढे नेलेल्या दोन्ही खटल्यांत मात्र आरोपी निर्दोष सुटले.

डरहॅम यांच्या पदाबद्दल थोडे सांगायला हवे. निक्सन यांच्यानंतर १९७८ च्या कायद्याने न्यायाधीशांनी नेमायचे स्वतंत्र अभियोक्ते आणले होते. ती व्यवस्था दोन्ही पक्षांना नकोशी झाली आणि १९९९ मध्ये तिची मुदत संपू दिली गेली. त्याजागी आलेला विशेष वकील ॲटर्नी जनरलच नेमतात. त्यामुळे तो पूर्ण स्वतंत्र नसतो, फक्त रोजच्या देखरेखीपासून दूर असतो. बायडन यांच्या काळात ट्रम्प यांच्यावरील दोन संघीय खटल्यांसाठी (एक फ्लोरिडातील गोपनीय कागदपत्रांचा, दुसरा २०२० च्या निवडणुकीचा निकाल उलटवण्याच्या प्रयत्नाचा) जॅक स्मिथ, बायडन यांच्या स्वतःकडे सापडलेल्या गोपनीय कागदपत्रांच्या चौकशीसाठी रॉबर्ट हर आणि त्यांच्या मुलासाठी डेव्हिड वाइस असे विशेष वकील होते. हंटर बायडन जून २०२४ मध्ये वडिलांच्याच न्याय खात्याच्या खटल्यात दोषी ठरले. डिसेंबरमध्ये वडिलांनी त्यांना माफी दिली. डेमोक्रॅटिक सिनेटर बॉब मेनेंडेझ यांनाही त्याच खात्याने न्यायालयात खेचले आणि ते जुलै २०२४ मध्ये दोषी ठरले. खाते फक्त विरोधकांवर तुटून पडले होते, हा दावा या नोंदीशी जुळत नाही. ट्रम्प यांच्या फ्लोरिडातील खटल्यात न्यायाधीश आयलीन कॅनन यांनी स्मिथ यांची नेमणूकच बेकायदा ठरवून जुलै २०२४ मध्ये प्रकरण फेटाळले, आणि ट्रम्प निवडणूक जिंकल्यावर उरलेलेही मागे घेतले गेले. पुराव्याची ज्युरीपुढे परीक्षा झालीच नाही, आणि म्हणून दोन्ही बाजू आजही आपापल्या समजुतीवर ठाम आहेत.

१ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी दिलेल्या निकालाचा एक भाग येथे फार मोलाचा आहे. राष्ट्राध्यक्षांनी न्याय खात्याच्या अधिकाऱ्यांशी तपासाबद्दल केलेल्या चर्चेसाठी त्यांच्यावर फौजदारी खटला भरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. धोरण आणि व्यक्ती यांमधली संकेतांची रेषा आता केवळ संकेतांवरच उभी राहिली. ती ओलांडणाऱ्या राष्ट्राध्यक्षांना फौजदारी कायद्याचे भय उरले नाही.

२०२५ मध्ये काय झाले ते या पार्श्वभूमीवर पाहावे. न्यूयॉर्कचे तत्कालीन डेमोक्रॅटिक महापौर एरिक ॲडम्स यांच्यावर बायडन यांच्या काळात लाचखोरीचे आरोप झाले होते. स्थलांतराच्या धोरणावर टीका केल्यामुळे आपल्याला लक्ष्य केले, असे ते म्हणत. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या नेतृत्वाने खटला मागे घेण्याचा आदेश दिला, आणि पुराव्याच्या बळाचा विचार केलेला नाही असे त्या आदेशातच लिहिले. खटल्यामुळे महापौरांना स्थलांतरविरोधी कारवाईत सहकार्य करता येत नाही, हे दिलेल्या कारणांपैकी एक होते. ट्रम्प प्रशासनानेच प्रभारी यूएस ॲटर्नी म्हणून नेमलेल्या डॅनिएल सॅसून यांनी नकार देऊन राजीनामा दिला, आणि त्यांच्यामागोमाग इतरही वकील बाहेर पडले. न्यायाधीश डेल हो यांनी एप्रिलमध्ये खटला कायमचा रद्द केला, कारण सरकारला तो चालवण्यास भाग पाडणे त्यांच्या हाती नव्हते. पण या सगळ्याला सौदेबाजीचा वास येतो, असे त्यांनी निकालात नोंदवले.

कोमी यांच्या प्रकरणात क्रम आणखी स्पष्ट आहे. व्हर्जिनियाच्या पूर्व जिल्ह्याचे प्रभारी वकील एरिक सीबर्ट १९ सप्टेंबरला पायउतार झाले. दुसऱ्या दिवशी ट्रम्प यांनी समाजमाध्यमावर ॲटर्नी जनरल पॅम बॉन्डी यांना उद्देशून कोमी, सिनेटर ॲडम शिफ आणि न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांची नावे घेत कारवाईसाठी जाहीर तगादा लावला. मग लिंडसी हॅलिगन यांची नेमणूक झाली. त्या पूर्वी ट्रम्प यांच्या वकील होत्या आणि त्यांना अभियोगाचा अनुभव नव्हता. ३० सप्टेंबर २०२० रोजी सिनेटपुढे दिलेल्या साक्षीत खोटे बोलल्याबद्दल खटला भरण्याची पाच वर्षांची मुदत संपायला पाच दिवस उरले असताना कोमी यांच्यावर आरोप ठेवले गेले. ९ ऑक्टोबरला जेम्स यांच्यावर. दोघांनीही आरोप नाकारले. २४ नोव्हेंबरला न्यायाधीश कॅमेरॉन करी यांनी हॅलिगन यांची नेमणूक बेकायदा ठरवून दोन्ही खटले फेटाळले. डिसेंबरमध्ये जेम्स यांच्यावर पुन्हा आरोप ठेवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा ग्रँड ज्युरीने नकार दिला. एकतर्फी पुरावा ऐकणाऱ्या नागरिकांनी नकार देणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे.

याच ऑक्टोबरमध्ये ट्रम्प यांचे दुसरे टीकाकार, माजी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जॉन बोल्टन यांच्यावरही मेरीलँडमध्ये गोपनीय माहिती हाताळल्याबद्दल १८ आरोप ठेवले गेले. त्यांनीही ते नाकारले आहेत. राष्ट्राध्यक्षांचा राग तिथेही आहे, पण तिथल्या वकिलाला आधी हटवावे लागले नाही आणि खटला त्या कार्यालयातील अनुभवी वकिलांनी मांडला. म्हणून मी या दोन प्रकरणांना एका पारड्यात टाकणार नाही. आरोपी कोणत्या पक्षाचा आहे यावरून जे कळत नाही, ते निर्णय कसा झाला यावरून कळते. नियमित वकिलांनी पुरावा पाहून शिफारस केली होती का, की त्यांना बाजूला सारून नवा माणूस आणला? तसेच वर्तन करणाऱ्या इतरांवर खटले झाले आहेत का? नाव आधी आले की गुन्हा? मागे घेताना दिलेले कारण पुराव्याशी संबंधित आहे का? हेच प्रश्न मार-अ-लागोच्या झडतीला लावले, तर न्यायाधीशांची परवानगी, आधी महिनोन्महिने चाललेला पत्रव्यवहार आणि कागदपत्रे मागणारे समन्स दिसते. ते कार्टर पेज यांच्या अर्जांना लावले, तर तिथे यंत्रणा नापास होते.

या प्रश्नांची उत्तरे अधिकृतपणे शोधणारे पद म्हणजे महानिरीक्षक, आणि वर ज्या अहवालांचा मी इतका आधार घेतला ते तिथूनच आले आहेत. पण न्याय खात्याच्या महानिरीक्षकांच्या अधिकाराला एक छिद्र आहे, आणि ते नेमके चुकीच्या जागी आहे. एफबीआयच्या अधिकाऱ्याचे गैरवर्तन ते तपासू शकतात; सरकारी वकिलाने वकील म्हणून घेतलेल्या निर्णयातील गैरवर्तन मात्र त्यांच्या कक्षेबाहेर ठेवलेले आहे. ते काम खात्याच्या आतल्या व्यावसायिक जबाबदारी कार्यालयाकडे जाते, आणि ते कार्यालय ॲटर्नी जनरललाच उत्तरदायी असते. हे छिद्र बुजवणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने एकापेक्षा अधिक वेळा, दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने, मंजूर केले. त्याचा कायदा झाला नाही. व्हाइट हाऊस आणि न्याय खाते यांच्यातील संपर्काची नोंद ठेवून ती महानिरीक्षकांना देणे बंधनकारक करणारी तरतूद डिसेंबर २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाली आणि सिनेटमध्ये अडकली. या दोन्ही सुधारणांसाठी संविधान बदलावे लागत नाही, नवे खाते उभारावे लागत नाही, आणि त्यांचा लाभ जो पक्ष त्या वेळी विरोधात असेल त्याला मिळतो. सत्तेत असताना त्या मंजूर करायला तयार असणारा पक्ष अमेरिकेला अजून मिळालेला नाही.